रद्दीत गेलेली सतार

१९८६ च्या पावसाळ्यात बढतीचे पत्र आणि बदलीचा हुकूम एकाच पाकिटातून माझ्या हाती पडले. बँकेत नोकरी केलेल्यांना यातले मर्म सांगायला नको. बढती हवी असेल तर परराज्यात जा, नको असेल तर आहे त्या टेबलावर म्हातारे व्हा. मी कलकत्त्याला गेलो. भवानीपुरात एका वृद्ध विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. सारी गल्ली त्यांना माशीमा म्हणत असे. मीही म्हणू लागलो.

लग्न झालेले नव्हते, ओळखीपाळखी नव्हत्या आणि रविवार खायला उठत. मग फ्री स्कूल स्ट्रीटचा नाद लागला. तिथे जुन्या रेकॉर्ड्सची लहान लहान दुकाने होती. फळ्यांवर, पेटाऱ्यांत, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे तबकड्या रचलेल्या असत. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईला एल्व्हिस प्रिस्ले खेटून उभा असायचा. अशाच एका रविवारी शंकर हे आडनाव आणि सतारीचा उल्लेख एवढेच पाहून मी वीस रुपयांना एक एल.पी. उचलली. मला ती पंडित रविशंकरांची वाटली होती. खोलीवर येऊन नीट पाहिले तेव्हा कळले की, हे रविशंकर नव्हेत, कुणी आनंद शंकर आहेत. रेकॉर्डचे नाव होते 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक'. १९७५ सालची, ग्रामोफोन कंपनीची.

फसलो, असे वाटले. तरी माशीमांची परवानगी घेऊन त्यांच्या दिवंगत यजमानांच्या रेडिओग्रॅमवर ती लावली. आलाप सुरू होईल म्हणून मी मांडी घालून बसलो होतो. आलापाऐवजी ड्रम आणि बेस गिटारचा एक ठेका असा काही उसळून आला, की मी दचकून दाराकडे पाहिले. त्या ठेक्यावरून सतार कोलांट्या मारत निघाली. गाण्याचे नाव होते 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता'. खाली खरोखरीच कलकत्त्याचा रस्ता होता, ट्रामची घंटा होती, हातरिक्षांची घुंगरे होती. आणि ऐन रंगात आले असताना वीज गेली. रेकॉर्ड एकदम थांबली नाही. तबकडी मंद होत गेली आणि सतारीचा स्वर ओघळत, घसरत, खर्जाच्याही खाली जाऊन विझला. त्या काळी कलकत्त्यात वीज जाणे ही बातमी नव्हती. पण त्या संध्याकाळी अंधारात बसून मी पहिल्यांदा विचार केला, हा माणूस कोण?

त्या प्रश्नाचे उत्तर मला तुकड्यातुकड्यांनी, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मिळत गेले. आज त्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

आनंद शंकर ११ डिसेंबर १९४२ रोजी अल्मोड्याला जन्मले. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांतले हे गाव त्या वेळी भारतीय कलेचे एक विलक्षण ठिकाण झाले होते. त्यांचे वडील उदय शंकर यांनी तिथे आपले कलाकेंद्र थाटले होते. उदय शंकर म्हणजे १९२३ साली लंडनमध्ये अॅना पावलोव्हासारख्या रशियन नर्तकीबरोबर नाचलेले आणि नंतर आपला स्वतंत्र मेळा घेऊन युरोप-अमेरिका जिंकून आलेले नर्तक. कथकळी, मणिपुरी, भरतनाट्यम् अशा परंपरांतले गुरू त्यांनी अल्मोड्याला एका छताखाली आणले. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तिथे होते. आपल्याकडच्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक नाव सांगतो. पुढे पुण्याला 'प्रभात'मध्ये आलेले आणि चित्रपटाच्या इतिहासात अजरामर झालेले गुरुदत्त यांनी नाचाचे धडे घेतले ते याच अल्मोड्यात.

आनंद शंकरांच्या आई अमला स्वतः नर्तकी. काका रविशंकर हे वडिलांचे सर्वांत धाकटे भाऊ. ते पोरवयात उदय शंकरांच्या मेळ्यात नाचले आणि मग सारा झगमगाट सोडून मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या पायाशी सतार शिकायला गेले. बहीण ममता पुढे मृणाल सेनांच्या 'मृगया'ची नायिका झाली. अशा घरात मूल जन्मले की लोक कौतुकाने म्हणतात, भाग्यवान हो! पण मला बँकेतला एक अनुभव आठवतो. मोठ्या बागाईतदाराचा किंवा नामांकित डॉक्टरचा मुलगा कर्ज मागायला आला, की आम्ही त्याची योजना वाचण्याआधी वडिलांचा खातेउतारा वाचत असू. कर्ज लगेच मंजूर होई. पण त्या कागदावर मुलगा मात्र कुठेच नसे. आनंद शंकरांना असे दोन खातेउतारे होते, एक वडिलांचा आणि एक काकांचा.

त्यात वडिलांच्या वैभवाला उतरती कळा लागलेली. आनंद दीड-दोन वर्षांचे असतानाच अल्मोड्याचे केंद्र बंद पडले. उदय शंकरांनी होते नव्हते ते सारे 'कल्पना' या नृत्यचित्रपटात ओतले. तो १९४८ मध्ये प्रदर्शित झाला आणि धंद्याच्या हिशेबात कोसळला. आज 'कल्पना'ला अभिजात मानतात, तेव्हा ते मानणारे फार थोडे होते. आपल्या काळाच्या पुढे असणे म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण भरतो, हे आनंद शंकरांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

त्यांचे शालेय शिक्षण ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या सिंदिया स्कूलमध्ये झाले. सतार शिकायला मात्र ते काकांकडे गेले नाहीत. ते बनारसला डॉ. लालमणी मिश्र यांच्याकडे गेले. मिश्रजी विचित्रवीणेचे थोर वादक आणि संगीतशास्त्राचे मोठे अभ्यासक. कधीकाळी ते उदय शंकरांच्या मेळ्याबरोबर देशोदेशी हिंडलेलेही होते. घरात जगातला सर्वांत प्रसिद्ध सतारवादक असताना पुतण्याने दुसऱ्याच दारात गंडा बांधावा, याचे अर्थ हवे तसे लावता येतील. मी लावत नाही. एवढेच म्हणतो की, पुढच्या आयुष्यात त्यांची सतार काकांच्या सतारीसारखी कधीच वाजली नाही, आणि तसा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

आता थोडे त्या काळाविषयी बोलायला हवे, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही.

१९६५ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने एका गाण्यात सतार वाजवली. पुढच्याच वर्षी तो मुंबईत येऊन रविशंकरांकडे शिकू लागला. आणि मग पश्चिमेकडे सतारीची साथच पसरली. तरुण पोरे युद्धाला, आईबापांना, नोकरीला, साऱ्यालाच नकार देत होती. गांजा आणि एल.एस.डी. यांच्या धुरकट जगात त्यांना एक नवे संगीत हवे होते, ज्यात काळ लांबतो, रंग ऐकू येतात, जमीन हलते. याच संगीताला सायकेडेलिक हे नाव पडले. सतारीच्या तरफांच्या तारा, छेडल्या नाहीत तरी आपसूक झंकारणाऱ्या, त्या लोकांना स्वर्गीय वाटल्या. रविशंकर १९६७ मध्ये माँटेरेला आणि १९६९ मध्ये वुडस्टॉकला वाजवून आले. पण आपल्या संगीताची सांगड नशेशी घातली जावी, हे त्यांना मुळीच मानवले नाही. माँटेरेला जिमी हेंड्रिक्सने भर मंचावर गिटार पेटवून दिली, तेव्हा ते व्यथित झाले. वाद्याला नमस्कार करून हात लावणाऱ्या माणसाला दुसरे काय वाटणार?

नेमक्या याच सुमारास पंचविशीतले आनंद शंकर लॉस एंजेलिसला गेले. तिथे ते अनेक रॉक कलावंतांबरोबर वाजवू लागले. त्यांच्याविषयीच्या लेखांत खुद्द हेंड्रिक्सचेही नाव त्या मंडळींत घेतले जाते. ज्या आगीने काका व्यथित झाले, त्याच आगीजवळ पुतण्या हात शेकायला बसला, असे मला नेहमी वाटत आले आहे. हे बंड नव्हते. बंडखोर आपल्याकडे जे आहे ते फेकून देतो. यांनी सतार सोडली नाही, फक्त ती वेगळ्या माणसांच्या घोळक्यात नेऊन ठेवली.

१९७० मध्ये रिप्राइज कंपनीने त्यांची पहिली एल.पी. काढली. ही कंपनी फ्रँक सिनात्राने स्थापलेली आणि अमेरिकेत हेंड्रिक्सच्या रेकॉर्ड्स काढणारी. तबकडीचे नाव साधेच होते, 'आनंद शंकर'. सुरुवातीलाच रोलिंग स्टोन्सचे 'जंपिंग जॅक फ्लॅश', मग पुढे डोअर्सचे 'लाइट माय फायर'. ही दोन्ही गाणी त्या वेळच्या अमेरिकन पोरांच्या तोंडी होती. आनंद शंकरांनी ती सतारीवर घेतली. मागे ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, तबला, आणि मूग सिंथेसायझर.

या मूगविषयी दोन शब्द. रॉबर्ट मूग या अमेरिकन तंत्रज्ञाचे हे यंत्र तेव्हा अगदी नवे होते. विजेच्या लहरींतून स्वर घडवायचा, तो पट्ट्यांवर वाजवायचा, खुंट्या फिरवून त्याचा पोत बदलायचा. या रेकॉर्डवर ते पॉल लेविन्सन यांनी वाजवले आहे. सतार आणि मूग यांची जोडी जमावी, यात आश्चर्य नाही. सतारीत बोटाने तार बाजूला ओढून मींड काढतात, स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागी न तुटता सरकतो. पेटीला हे जमत नाही, पियानोला जमत नाही. मूगचा स्वर मात्र असा सरकू शकतो. एक वाद्य भोपळा, लाकूड आणि तारांचे, दुसरे खिळे, तारा आणि विजेचे. पण दोघांनाही स्वर वाकवता येतो. आनंद शंकरांनी हे नाते ओळखले.

त्या काळात सतारीच्या पाश्चात्त्य रेकॉर्ड्स पुष्कळ निघाल्या. बिग जिम सुलिव्हनसारख्या ब्रिटिश गिटारवादकाने सतार हाती धरून अख्खी तबकडी भरली. बहुतेकांत सतार ही जेवणावर भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखी आहे. आनंद शंकरांचे उलट आहे. इथे रॉक पाहुणा आहे आणि सतार घरची. दुसऱ्या बाजूवर 'सागर' नावाची तेरा मिनिटांची रचना आहे. तिच्यात घाई नाही, गाजलेली चाल नाही. मूगच्या लाटा येतात आणि जातात, आणि सतार किनाऱ्यावर एकटी फिरणाऱ्या माणसासारखी आपल्याशीच बोलत राहते. शेवटी 'रघुपती' आहे, आपल्या प्रार्थनासभेतले, कोरससह. स्टोन्सने सुरू होऊन रामधुनीवर संपणारी दुसरी रॉक रेकॉर्ड माझ्या ऐकण्यात नाही. कुणी याला बाजारूपणा म्हणेल. 'लाइट माय फायर' ऐकताना मलाही क्षणभर तसे वाटते. पण 'सागर' ऐकल्यावर तो आरोप टिकत नाही. बाजारासाठी वाजवणारा माणूस तेरा मिनिटे शांत बसत नाही.

रेकॉर्ड आली तेव्हा सतारीची लाट ओसरू लागली होती. अमेरिकेत तिने मोठी खळबळ माजवली नाही. आनंद शंकर मायदेशी परतले.

परतले ते कुठल्या कलकत्त्यात? सत्तरीच्या सुरुवातीचे ते शहर आठवा. भिंतींवर नक्षलवादी घोषणा, रस्त्यावर बॉम्ब, १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेले निर्वासितांचे लोंढे, बंद पडणारे कारखाने, आणि घराघरात पदवीचा कागद घेऊन बसलेला एक तरुण. १९७४ मध्ये मृणाल सेनांनी 'कोरस' हा चित्रपट काढला. शंभर जागा आणि तीस हजार अर्जदार, एवढीच त्याची मध्यवर्ती कल्पना. त्याचे संगीत आनंद शंकरांचे होते आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी स्वतः बँकेच्या भरतीच्या परीक्षेला एका शाळेच्या पटांगणात उन्हात रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. त्यामुळे 'कोरस' मला परका वाटत नाही. आणि लॉस एंजेलिसच्या नादमय धुरातून आलेल्या माणसाने या रांगेला संगीत द्यावे, याचे मोल मला त्या पुरस्काराहून अधिक वाटते. तो आपल्या शहरात परतला होता, आपल्या आठवणीत नव्हे.

पुढच्याच वर्षी आली 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक', माझी वीस रुपयांची चूक. इथे आता परकी गाणी नाहीत. सारे आपले. 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता'मध्ये गर्दी आहे, धक्काबुक्की आहे, आणि त्यातूनही वाट काढत जाण्याचा एक उर्मट आनंद आहे. 'डान्सिंग ड्रम्स'मध्ये आपली तालवाद्ये आणि पाश्चात्त्य ड्रम एकमेकांना असे भिडतात, की शेवटी कोण कुणाचे हे सांगता येत नाही. ही रेकॉर्ड लॉस एंजेलिसला झाली असती तर अशी झाली नसती.

तरीही आपल्याकडे तिचे काय करावे, हे कुणाला कळले नाही. शास्त्रीय संगीताच्या मंडळींना ती उथळ वाटावी, हे समजू शकते. तिच्यात रागविस्तार नाही, तानांची आतषबाजी नाही. त्याच सुमारास जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकिर हुसेन यांची 'शक्ती' उभी राहिली. तिला मान मिळाला, कारण तिथे अचाट वादन होते. आनंद शंकर वादनाने दिपवत नाहीत. ते चाल आणि ठेका देतात. आणि गंमत पाहा, बेस गिटार, मूग, सतार, तबला यांची हीच भेळ राहुलदेव बर्मन किंवा कल्याणजी-आनंदजी यांनी पडद्यावरच्या पाठलागाला नाहीतर क्लबातल्या नाचाला दिली, तेव्हा आपण टाळ्या पिटल्या. खलनायकाच्या अड्ड्यावर जे चालते, ते एखाद्याने स्वतःच्या नावाने, गंभीरपणे, तबकडीवर दिले की आपण विचारतो, हे नक्की काय आहे? नक्की काय आहे हे सांगता न येणाऱ्या वस्तूंना आपल्या कपाटात खण नसतो.

१९७७ च्या सप्टेंबरात उदय शंकर गेले. वयाच्या सत्तरीत त्यांनी रंगमंच आणि चित्रपट यांची सांगड घालणारा 'शंकरस्कोप' हा प्रयोग केला होता. तो प्रयोगाचा किडा मुलातही उतरला होता. पत्नी तनुश्री या अमलाबाईंच्या शिष्या आणि उत्तम नर्तकी. त्यांच्यासह आनंद शंकर संगीत, नृत्य आणि पडद्यावरची प्रकाशचित्रे यांचे कार्यक्रम वर्षानुवर्षे देशात-परदेशात करत राहिले. रेकॉर्ड्सही निघत राहिल्या. १९७८ मध्ये 'अ म्युझिकल डिस्कव्हरी ऑफ इंडिया', १९८१ मध्ये जंगलाच्या आवाजांवर रचलेली 'सा-रे-गा माचान', आणखीही काही. सगळ्याच चांगल्या आहेत, असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी हॉटेलच्या दिवाणखान्यात वाजावे असे गुळचट संगीत आहे. पण वीस वर्षे, कुणी मागत नसताना, आपलेच काम करत राहणे सोपे नसते. हरलेला माणूस थांबतो, नाहीतर कडवट होतो. हे दोन्ही झाले नाहीत.

मी कलकत्त्यात असताना ते त्याच शहरात होते. मी त्यांना कधी भेटलो नाही. भेटावे हे सुचलेही नाही. तीन वर्षांनी बदली होऊन मी नाशिकला आलो. माशीमांनी निघताना नारळाच्या नाडूंचा डबा दिला. रेकॉर्ड ट्रंकेत तळाशी गेली.

मग कॅसेटचा जमाना आला, संसार आला, कादंबऱ्या लिहिण्याचे खूळ आले. १९९६ मध्ये पुण्याला घर बदलताना बायकोने ट्रंक उघडली. घरात रेकॉर्डप्लेअर नव्हता आणि तो येण्याची शक्यताही नव्हती. रद्दीवाल्याने आधी तबकड्या घ्यायला नकार दिला. त्या वजनाच्या काट्यावर नीट बसत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. मग वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर त्याने त्या फुकट नेल्या. दहा-बारा होत्या. तिच्यात ती एक होती. हे काम मी स्वतःच्या हाताने केले, म्हणून सांगतो. दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

आणि नेमक्या त्याच १९९६ सालात, हे मला फार पुढे कळले, ब्लू नोट या जॅझसाठी जगप्रसिद्ध असलेल्या कंपनीने 'ब्लू ज्यूस' नावाचा एक संग्रह काढला. त्यात 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता' आणि 'डान्सिंग ड्रम्स' ही दोन्ही होती.

झाले होते असे. लंडनच्या क्लबांतून रेकॉर्ड वाजवणारे डीजे म्हणजे निव्वळ बटणे दाबणारे नव्हेत. त्यांतले कित्येक जुन्या बाजारांत पेटारेच्या पेटारे उपसत बसतात. ज्याला कुणी विचारत नाही अशा तबकडीतले चार मात्रांचे एखादे ड्रमचे आवर्तन, बेसची एखादी चाल ते हेरून काढतात आणि नाचणाऱ्यांपुढे ठेवतात. नाव, घराणे, पुरस्कार यांच्याशी त्यांना कर्तव्य नसते. पाय हलले की झाले. वीस वर्षे जिला खण सापडला नव्हता, तिला त्यांनी सरळ नाचाच्या जमिनीवर ठेवले. परीक्षा सोपी होती आणि ती रेकॉर्ड उतरली. त्यांतल्या अनेक तरुणांचे आईबाप ढाक्याचे, सिल्हटचे, पंजाबातले होते. घरी एक संगीत आणि रस्त्यावर दुसरे, अशा दुभंगात ती मुले वाढली होती. दोन्ही एका दमात वाजवणारा कुणी माणूस त्यांच्या जन्माच्या सुमारास कलकत्त्यात होऊन गेला, हे त्यांना कळले तेव्हा काय वाटले असेल?

होऊन गेला नव्हता, होता. लंडनचा डीजे सॅम झमान 'स्टेट ऑफ बेंगॉल' या नावाने वाजवत असे. त्याच्याबरोबर आनंद शंकरांनी ब्रिटनचा दौरा केला. पंचावन्नच्या पुढचा सतारवादक आणि त्याच्या मुलाच्या वयाची पोरे. त्या मैत्रीतून 'वॉकिंग ऑन' ही रेकॉर्ड घडली. पण ती बाहेर पडलेली त्यांना पाहता आली नाही. २६ मार्च १९९९ रोजी कलकत्त्यात हृदयक्रिया बंद पडून ते अचानक गेले. वय छप्पन्न. रेकॉर्ड २००० मध्ये आली.

त्यांच्या आई अमलाबाई त्यानंतर एकवीस वर्षे जगल्या, शंभरी ओलांडून २०२० मध्ये गेल्या. त्या घरातल्या तीन पिढ्यांचा हिशेब मांडायला बसले, की या एका ओळीपाशी माझे पेन थांबते.

लोक अशा कहाण्यांचा शेवट गोड करतात. उशिरा का होईना, न्याय मिळाला, असे म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. वीस वर्षांची उपेक्षा आणि तीन वर्षांचे कौतुक, हा न्याय नव्हे. पण मी बँकेतला माणूस असल्यामुळे मला दुसरी एक गोष्ट आठवते. ज्या खात्यावर वर्षानुवर्षे व्यवहार होत नाही, त्याला आम्ही निष्क्रिय खाते म्हणतो. दहा वर्षे कुणी फिरकले नाही, तर ती रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. लोकांना वाटते, पैसे बुडाले. ते बुडत नाहीत. खातेदार किंवा त्याचा वारस केव्हाही आला, ओळख पटली, की रक्कम त्याला मिळते. माझ्या नोकरीत असे वारस थोडे पाहिले. आजोबांचे जुने पासबुक घेऊन, आपले काही निघेल यावर स्वतःचाच विश्वास नसलेले. रक्कम बहुधा किरकोळ असे. पण आपल्या नावाने कुणी काही ठेवले होते, हे कळल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होत. आनंद शंकरांनी ज्यांच्या नावाने ठेव ठेवली होती, ते वारस १९७५ साली जन्माला यायचे होते किंवा पाळण्यात होते. वारस वयात येईपर्यंत ठेवीदाराने जगावे, एवढाच तो प्रश्न होता, आणि तो थोडक्यात हुकला.

माझ्या एका कादंबरीची प्रत मला अप्पा बळवंत चौकाजवळच्या पदपथावर, पहिल्या पानावर मी स्वतः केलेल्या सहीसह मिळाली होती. त्या दिवशी फार वाईट वाटले. आता तेवढे वाटत नाही. मी जे रद्दीवाल्याला फुकट दिले, त्याची आठवण ठेवली की दुसऱ्यांवर रागावता येत नाही.

२००९ ची गोष्ट. मुलगी कॉलेजात होती. शेजारच्या खोलीत कुणा मैत्रिणीच्या भावाचा व्हिडिओ गेम चालू होता, 'लिटलबिगप्लॅनेट' नावाचा. त्यातून तालवाद्यांची झुंज ऐकू आली आणि मी ताटावरून उठलो. 'डान्सिंग ड्रम्स'. पोरांना नाव ठाऊक नव्हते, हवेही नव्हते. त्यांच्या माना मात्र ठेक्यात हलत होत्या. रात्री मुलीने मला संगणकावर दुसरे गाणे शोधून दिले, 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता'. तेवीस वर्षांनी ऐकत होतो. सारे आठवत होते, ट्रामची घंटासुद्धा. आणि मग ती जागा जवळ आली. माझे कान आपोआप टवकारले. आता वीज जाणार, आता स्वर घसरणार, विझणार.

वीज गेली नाही. सतार पुढे वाजत राहिली. त्या जागेनंतरचे गाणे अंधारात बसलेल्या त्या माणसाचे राहून गेले होते. ते मी शेवटपर्यंत ऐकले.